बेसमेंटमधलं फुकट वायफाय

घाटकोपरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात पाहुण्यांसाठी फुकट वायफाय आहे. ते मी बसवलंय. बेसमेंटमध्ये आयसीयूच्या बाहेर त्याची पाटी आहे, पाटीवर हसरा चेहरा काढलेला आहे, आणि खाली लिहिलंय 'आपल्या सेवेत'. त्या पाटीखालून जाताना मी अजून मान वळवते.

मी नेटवर्कवाली. साकीनाक्याला एका गाळ्यावर आमच्या शेठचं ऑफिस आहे. खाली दिवसभर पत्रे कापतात, वर आम्ही. हॉस्पिटलं, हॉल, कॉलेजं, जिथे म्हणून लोक येऊन ताटकळतात तिथे वायफाय लावून द्यायचं आणि ते बंद पडलं की शिव्या खायला जायचं, हा आमचा धंदा. वीस वर्षं करतेय. शिडीवर चढून छतात हात घालणारी बाई दिसली की लोक आधी थबकतात, मग विचारतात, "ताई, तुमचा माणूस कुठाय?" माणूस घरी चपात्या लाटतोय, म्हणते मी. पुढचं कोणी विचारत नाही.

तर हे हॉस्पिटल. ट्रस्टींनी वरचे मजले डीलक्स खोल्यांना दिले आणि आयसीयू घातला बेसमेंटमध्ये, पार्किंगला लागून. "आयसीयूतल्या पेशंटला खिडकी हवी कशाला, तो शुद्धीत थोडाच असतो," असं त्यांच्यातला एक माझ्यासमोर म्हणाला होता. वर हसलाही. मी तेव्हा वायर सोलत होते. हातातली कात्री कुठे चालवू असं झालं होतं मला.

बेसमेंटला मोबाइलची रेंज शून्य. वरून चार मजले काँक्रीट, कुठून येणार? म्हणजे नातेवाइकांना बाहेरच्या जगाशी बोलायचं तर आमचं वायफाय हा एकच रस्ता. आणि त्या रस्त्यावर शिरायचं कसं? तर स्क्रीनवर एक पान उघडतं, त्यात मोबाइल नंबर टाका, मग मेसेजने ओटीपी येईल तो टाका. अहो, रेंजच नाही तर मेसेज येणार कुठून, डोंबल? मग लोक काय करायचे, नंबर टाकायचे, पार्किंगच्या उतारावरून धावत वर रस्त्यावर जायचे, मेसेज आला की आकडा घोकत खाली यायचे, आणि तोवर त्याची मुदत संपलेली. गुडघे दुखणाऱ्या बायकांना मी तो उतार तीन-तीनदा चढताना बघितलंय. मी तक्रार केली तर शेठ म्हणाले, "एकदाच करायचं असतं ना, नंतर मशीन ओळखतं सात दिवस. व्यायाम होतो." हा माणूस स्वतः पहिल्या मजल्यावरच्या ऑफिसात यायला खालून हमालाला हाक मारतो, बॅग उचलायला.

पण ओटीपी हे दुखणं लहान. खरं दुखणं पत्त्यांचं.

वायफायला जोडलेल्या प्रत्येक फोनला मशीन एक पत्ता देतं. पत्ता म्हणजे एक आकडा, त्याशिवाय फोनला काहीच येत नाही, काहीच जात नाही. जुन्या पद्धतीत आमच्या मशीनमध्ये अडीचशेच्या आसपास पत्ते होते. सकाळी पुरायचे. दुपारी चार ते पाच ही भेटीची वेळ; तेव्हा गावच लोटायचं, मग नवा आलेला फोन नुसता गरगर फिरवत बसायचा, 'पत्ता मिळवत आहे'. आणि एकदा दिलेला पत्ता मशीन त्या फोनच्या नावाने आठ तास राखून ठेवायचं, मग तो माणूस निघून मुलुंडला पोचला तरी.

यावर बेसमेंटच्या लोकांनी स्वतःचा उपाय काढला होता. आयसीयूबाहेर बसायला अटेंडंटचा पास एकच मिळतो. सकाळचा माणूस कामावर गेला की दुपारच्याच्या हातात पास द्यायचा. तर ही मंडळी पासासोबत फोनही द्यायला लागली. घरातला एक जुना फोन बाकड्यावर कायमचा ठेवायचा, चालू. बंद करायचा नाही, घरी न्यायचा नाही. रुमाल टाकून सीट धरावी तसा फोन टाकून पत्ता धरायचा. सून सासूला बजावायची, "ह्याला पत्ता मिळालाय हां, ह्याला हात लावू नका." चार्जिंगचे पॉइंट दोन, त्यावरून भांडणं. आणि असे फोन पडून राहिले की पत्ते आणखी कमी. कोणाला दोष देणार? आत बाप पडलाय, बाहेर बोलता आलं पाहिजे, एवढंच त्यांना कळत होतं.

नवी पद्धत आहे. आमच्यात तिला व्ही-सिक्स म्हणतात. तिच्यात पत्ते इतके आहेत की मोजायला बसायचं कारणच नाही, अख्खं घाटकोपर बेसमेंटमध्ये आलं तरी प्रत्येकाला चार-चार देऊन उरतील. लोकांच्या फोनमध्ये ती कधीपासून आहे. आमच्या मशीनमध्येही होती, फक्त बंद करून ठेवलेली. मी वर्षभर शेठच्या मागे लागले होते, चालू करूया.

"आणि रेकॉर्ड?" शेठ म्हणायचे. "त्यात एकेक फोन चार-चार पत्ते घेतो, वर मध्येच बदलतो. उद्या कोणी काय भानगड केली आणि पोलीस आले, की कोण होता, तर काय दाखवणार? तुझा चेहरा?"

शंका बरोबर होती, हे मी नाकारत नाही. पण उत्तरही होतं. नोंद पत्त्याच्या नावाने ठेवायची नाही, ज्या फोनने ओटीपी टाकला त्या फोनच्या नावाने ठेवायची, आणि तो जे जे पत्ते घेईल ते त्याच्या खाली लिहीत जायचं. "दोन दिवस द्या मला," मी म्हणायचे. दोन दिवस कधी मिळाले नाहीत. चालतंय ना? चालू दे. आमच्या धंद्याचं हेच स्तोत्र आहे, सकाळ-संध्याकाळ म्हणायचं.

आता माझंही सांगते, नाहीतर मी फार शहाणी वाटेन. जुना साठा वाढवता येत होता. चार ओळी बदलायच्या, मशीन बंद करून चालू करायचं, की अडीचशेचे हजार पत्ते झाले असते. हॉस्पिटलच्या प्रशासनातल्या मॅडमनी मला दोनदा विचारलंही होतं. मी म्हटलं, "मॅडम, ठिगळं लावत बसायचं नाही मला. करायचं तर नीट करू." कारण मला पक्कं ठाऊक होतं, एकदा ठिगळ लावलं की नवीन कापड कोणी आणणार नाही. माझं तत्त्व होतं ते. तत्त्व माझं, आणि त्यापायी गरगर फिरणाऱ्या फोनकडे बघत बसायचे दुसरे!

मग एके दिवशी शेठचाच फोन. "अगं ऐक, तुझं ते व्ही-सिक्स लागणार आहे. गुरुवारी तपासणी आहे." हॉस्पिटलला कसलं तरी डिजिटल सुविधांचं प्रमाणपत्र हवं होतं. त्यासाठीच्या फॉर्मात एक रकाना होता: पाहुण्यांच्या वायफायवर नवी पत्तापद्धत, आहे की नाही. वर्षभर मी घसा फोडला त्याने काही झालं नाही, एका रकान्याने झालं. तरी मला आनंद झाला. निर्लज्जासारखा झाला.

गुरुवारी सकाळी साडेदहाला चौथ्या मजल्यावर मशीनच्या खोलीत मी ते चालू केलं. त्याआधी मशीनला झेंडूचा हार, हळद-कुंकू, आणि एका ट्रस्टींनी उंबऱ्यावर नारळ फोडला. पाणी उडालं ते थेट एक्स्टेन्शन बोर्डावर. "शुभ असतं," ट्रस्टी म्हणाले. मी ओढणीनेच बोर्ड पुसला. मग खाली बेसमेंटला उतरले, खरंच लागतंय का बघायला.

आणि काय सांगू, लागत होतं! सगळ्यांना. बाकड्यावरची माणसं एकमेकांना फोन दाखवत होती, अरे, आज फटाफट चाललंय. एक गृहस्थ तर उभे राहून व्हिडिओ कॉलवर कोणाला तरी भिंत दाखवत होते, भिंतीत बघण्यासारखं काही नसताना. वर्षभराची माझी चिडचिड पाच मिनिटांत उतरली.

दाराजवळच्या बाकड्यावर एक मावशी होत्या. पांढरी साडी निळ्या काठाची, मांडीवर पिशवी, हातात फोन उताणा धरलेला, दुधाचं भांडं धरावं तसा, सांडेल म्हणून. मला शिडीसकट बघून त्यांनी बोलावलं. "जय भीम ताई. तूच हे चालवतीस का गं?"

"जय भीम मावशी. मीच. बोला."

त्यांचे यजमान आत होते. फुप्फुसात पाणी झालेलं, दम घेववत नव्हता. डॉक्टरांनी सकाळी सांगितलं होतं, उद्या पहाटे नळी घालून मशीनवर घ्यावं लागेल, एकदा नळी गेली की बोलता येत नाही, तेव्हा ज्याला बोलायचं त्याने आजच बोलून घ्या. ज्याला बोलायचं तो त्यांचा एकुलता एक मुलगा, जहाजावर, इंजिनरूममध्ये. जहाज कुठेतरी मधल्या समुद्रात. तिथे नेट पाळीपाळीने मिळतं, आणि त्याची पाळी आपल्या घड्याळात चार ते साडेचार. चारला भेटीची वेळही सुरू होते. सिस्टर तयार होत्या: चारनंतर फोन लागला की दार उघडू, बेडजवळ दोन मिनिटं न्यायचा.

"पण चारलाच तर हे बंद पडतं गं बाई," मावशी म्हणाल्या. "रोज बघते मी. म्हणून कालपासून धरून बसलीय. चार्जिंग संपत आलंय, ती पॉइंटवाली माणसं उठत न्हाईत."

फोनात अठरा टक्के उरले होते. मी त्यांच्यासमोर त्यांच्या सुनेला व्हिडिओ कॉल लावून दाखवला. एका रिंगमध्ये लागला. सून स्वयंपाकघरात, मागे कुकर. मावशींनी कुकरला हात केला की सुनेला, कळलं नाही, पण चेहरा उजळला त्यांचा.

मग मी ते वाक्य बोलले. "मावशी, आता जागा धरायची गरज नाही. नवीन लावलंय मी. खुशाल बंद करून ठेवा फोन, बॅटरी वाचेल. बरोब्बर चारला चालू करा, लगेच लागणार. मी सांगते ना!"

"नक्की?"

"अहो, एकदम झकास चालणार. माझा शब्द."

त्यांनी फोन बंद करून पिशवीत ठेवला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा भिंतीला टेकून डोळे मिटले. मी शिडी तिथेच कोपऱ्यात लावली आणि वर गेले, तपासणीवाले आले होते म्हणून.

तिघं जण होते. मशीन त्यांनी बघितलं नाही, बेसमेंट तर नाहीच. स्वागतकक्षाच्या सोफ्यावर बसून एकाने फोन जोडला, चाचणीचं पान उघडलं, हिरवी खूण आली, तिचा फोटो काढला, मग ट्रस्टींसोबत फोटो, मग हारासकट मशीनचा फोटो मी काढून आणून दिला तो. काम संपलं. पुढे श्रीखंड-पुरी. एकाला श्रीखंडात वेलची कमी वाटली, त्यावर दहा मिनिटं चर्चा झाली. हिरव्या खुणेवर एक मिनिटही झाली नव्हती.

ते गेल्यावर शेठ दात कोरत माझ्याजवळ आले. "चल, आता पहिल्यासारखं कर."

"म्हणजे?"

"म्हणजे बंद कर ते. रेकॉर्डचं काम झालेलं नाहीये ना तुझं? मग? रिस्क कोण घेणार?"

"शेठ, निदान आजचा दिवस राहू दे. खाली लोकांना..."

"आजच कोणी काय केलं तर? तू सही करतेस? लिहून देतेस मला?"

नाही दिलं लिहून. हेच ते. नंतर कितीदा मनात भांडले मी शेठशी, काय काय बाणेदार बोलले, पण त्या वेळी माझ्या तोंडून निघालं, "बरं." दीड वाजता मशीनसमोर बसले, व्ही-सिक्स बंद केलं, मशीन रिस्टार्ट केलं. रिस्टार्ट झालं की सगळे पत्ते पुसले जातात आणि जे फोन चालू असतात ते लगेच आपापला पत्ता परत पकडतात. जो फोन बंद आहे त्याला कोण विचारतं? हे मला माहीत होतं. दुसऱ्या कोणाला नसेल, मला होतं.

खाली जाऊन मावशींना सांगायचं होतं. मावशी, फोन चालू करा, परत धरून बसा, माझा शब्द फुकट गेला. पाच जिने. पण जायची लाज वाटली. सकाळी काय ऐटीत बोलून आले होते! म्हटलं रिपोर्ट लिहू, मग जाऊ. रिपोर्ट झाला, म्हटलं अजून चारला वेळ आहे, तेव्हा गर्दी कमी पण असेल, लागेलही एखाद वेळेस. मग प्रशासनाच्या मॅडमनी चहाला बोलावलं, बटाटेवडे आले होते. मी दोन खाल्ले. शी! वडा चांगला होता हेही आठवतंय मला, याचीच किळस येते.

सव्वाचार वाजून गेले होते. शिडी न्यायला म्हणून मी बेसमेंटला उतरले. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आयसीयूच्या दारात मावशी, फोन डोक्यावर धरलेला, आणि दार अर्धं उघडून सिस्टर: "मावशी, आटपा, साडेचारला डॉक्टरांचा राउंड आहे."

मावशींनी मला बघितलं आणि फोन पुढे केला. "ताई, नुस्तं फिरतंय गं. तू म्हणली तसा चारलाच चालू केला. त्याची पाळी चाललीय बघ."

पत्ता मिळवत आहे. पत्ता मिळवत आहे.

"थांबा!" मी ओरडले. "दोन मिनिटं. हलू नका इथून." आणि पळाले. लिफ्टसमोर स्ट्रेचर, म्हणून जिन्याने, बेसमेंट ते चौथा. फासळ्या दुखायला लागल्या. मशीनच्या खोलीत जाऊन मी त्या चार ओळी बदलल्या, ज्या वर्षभर बदलायच्या नाहीत म्हणून मी अडून बसले होते. घाईत एकदा चुकलंही. मग रिस्टार्ट दाबलं. ते मशीन उठायला सात-आठ मिनिटं घेतं. दिवे विझले, झेंडूचा हार अजून वर तसाच. मी हात जोडले त्याला, खरंच, मी, जी सकाळी नारळाला हसत होते.

आमची जात अशी आहे. फोन लागत नाही म्हटलं की आम्हाला मशीन दिसतं. माणसं दिसत नाहीत.

कारण खाली काय झालं होतं, ते मला उतरल्यावर कळलं. मी पळाल्या पळाल्या शेजारच्या बाकड्यावरची एक बाई उठली, मांडीवरचा डबा बाजूला ठेवला आणि म्हणाली, "अहो मावशी, माझा लागतोय की. माझ्यावरून लावा." एवढं सोपं. ओळख ना देख. तिच्या फोनवर मुलाचा नंबर टाकला, आणि लागला! पोराचा चेहरा दिसला, हेल्मेट काढून ठेवलेलं, केस घामाने चिकटलेले. सिस्टरने दार उघडलं. मावशी तो परका फोन दोन्ही हातांत धरून आत गेल्या. यजमानांनी डोळे उघडले, त्यांना सांगितलं, बघा कोण आलंय. पोरगा म्हणाला, "बाबा." आणि स्क्रीन तिथेच थिजली.

चौथ्या मजल्यावर मी रिस्टार्ट दाबलं होतं.

मी खाली पोचले तेव्हा हॉलभर एकच ओरडा, गेलं, सगळ्यांचं गेलं. आयसीयूच्या दाराच्या काचेतून मला दिसलं. मावशी बेडजवळ उभ्या, फोन नवऱ्याच्या चेहऱ्यासमोर धरलेला, आणि त्या म्हाताऱ्या माणसाने हात उचलून दोन बोटांनी स्क्रीन चाचपली. आवाज कुठे गेला ते बघत असेल. मग सिस्टरने मावशींना खांद्याला धरून बाहेर आणलं.

चार एकतीसला नेट आलं. सगळ्यांना आलं, मावशींच्या स्वतःच्या फोनलाही आलं, अगदी ऐटीत. रिंग जात राहिली. पाळी संपली होती.

"माझंच चुकलं," मावशी त्या डबेवाल्या बाईला सांगत होत्या. "मी बंद कशाला केला? धरून बसली असती कालच्यासारखी तर चारच्या ठोक्याला लागला असता. दोन मिनिटं नीट बोलले असते बापलेक." मी तिथेच, हातभर अंतरावर. त्यांनी माझ्याकडे बोटसुद्धा दाखवलं नाही. कदाचित विसरल्या असतील, कदाचित त्यांच्या मते तंत्रातल्या बाईचं चुकूच शकत नाही, चुकतं ते म्हातारीचंच. आणि मी काय म्हटलं? "होतं असं कधीकधी, मावशी." शिडी उचलली आणि निघाले.

पहाटे नळी घातली. पाचव्या दिवशी ते गेले. मला वॉचमनने सांगितलं, जाता जाता, पार्किंगच्या पावतीसारखं.

त्यानंतर मी कोणाला विचारलं नाही. शनिवार-रविवार बसले, नोंदींचं काम पूर्ण केलं, आणि सोमवारी सकाळी व्ही-सिक्स चालू केलं ते केलं. दोन दिवस लागतील म्हणत होते वर्षभर, दीडच लागला. शेठना महिन्याने कळलं, तेही मीच सांगितलं तेव्हा. रागावतील वाटलं होतं. उलट आता दर नव्या गिऱ्हाइकाला तेच सांगतात, "आमच्याकडे ते पहिल्यापासून आहे." बेसमेंटमध्ये आता कोणी फोन ठेवून जात नाही. चार वाजता सगळे खुशाल क्रिकेट बघतात. कोणाच्या लक्षातही आलेलं नाही की काही बदललंय. सुरळीत चालणाऱ्या गोष्टीचं असंच असतं, पण मला ते बघवत नाही. तो हॉल बघितला की वाटतं, गुरुवारी का नाही?

मुलगा दोन-अडीच आठवड्यांनी आला. कागदपत्रं न्यायला आला होता. वॉचमनला विचारत विचारत माझ्यापर्यंत पोचला, मी बेसमेंटच्या छतात वायर ओढत होते. तिशीचा असेल, दाढी वाढलेली, चेहरा मावशींचाच.

"मॅडम, एक विचारायचं होतं. राग येणार नसेल तर."

मी शिडीवरून उतरले.

"त्या दिवशी माझा कॉल लागला होता. बाबा दिसले मला. मग गेला. आमच्या जहाजावरच्या नेटवाल्याशी मी भांडलो, कॉलर धरली त्याची. तो म्हणतो आमच्याकडून चालू होतं. मला फक्त कळायला पाहिजे कोणाकडून गेलं. काय फरक पडतो म्हणा आता." मग म्हणाला, "आई म्हणते तिने फोन बंद केला म्हणून झालं. रात्रंदिवस तेच. जेवत नाही धड. मी कितीदा सांगितलं, आई, तुझ्या बंद करण्याने काय होतंय. ऐकतच नाही."

खोटं बोलायला वाव होता. समुद्रात असंच असतं, म्हटलं असतं तर निघून गेला असता. जीभ तिकडे वळलीही होती. पण त्याने "जेवत नाही धड" म्हटलं आणि माझं अवसान गेलं.

"फोन बंद करा असं त्यांना मी सांगितलं होतं," मी म्हटलं. "त्या नको म्हणत होत्या. आणि तुमचा कॉल मध्येच तुटला, तो माझ्या हाताने तुटला. तुमचं जहाज बरोबर होतं. आई बरोबर होत्या." आणि सगळं सांगितलं, तपासणी, श्रीखंड, चार ओळी, सगळं. वडे राहिले, ते सांगवले नाहीत.

शिव्या देईल म्हणून मी उभी होते, खरं तर वाट बघत होते. दिल्या नाहीत. मग म्हणाला, "मॅडम, हे तुम्ही घरी येऊन आईला सांगाल का? माझ्या तोंडून पटणार नाही तिला. म्हणेल, तिला कशाला नाव ठेवतोस, ती पोरगी माझ्यासाठी धावत गेली होती."

मी म्हटलं, "येते. येत्या रविवारी येते." त्याने पत्ता लिहून दिला. विक्रोळी, स्टेशनपासून चालत सात मिनिटं. पुढच्या महिन्यात तो परत जहाजावर गेला.

याला पाच महिने झाले. मी मुलुंडला राहते. विक्रोळी रोज दोनदा लागतं, गाडी थांबते, दारं उघडी असतात, आणि मी खाली मान घालून फोन बघत बसते.